चुकीचा कोड आला तर काय होते, तेही लिहून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत व्हिडिओ कॉम्प्रेशनविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड कोड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब कोड दिल्याने फाइल कशी लहान होते, हे लेखकाने फार स्वच्छपणे मांडले आहे, आणि डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा धागा आजच्या डिकोडरपर्यंत, म्हणजे कोड वाचून मूळ चित्र परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत, आणून जोडला आहे. मात्र हे कोड वाचताना मध्येच एखादा बिट बिघडलेला निघाला, किंवा फाइल अर्ध्यावरच संपली, तर डिकोडर काय करतो, याविषयी लेखात काहीच नाही. व्हिडिओ डिकोड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करताना माझा रोजचा संबंध नेमका याच भागाशी येतो. कोड वाचणारे फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला ते काम करणारा तुकडा, चांगल्या डेटावर काय देते हे सगळीकडे लिहिलेले सापडते. बिघडलेल्या डेटावर ते कसे वागते, हे त्या फंक्शनच्या माथ्यावरच्या टिपेत (कॉमेंटमध्ये) बहुधा लिहिलेले नसते. ते लिहिले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

सगळे कोड सारख्याच लांबीचे असते, तर एक बिट बिघडल्याने एकच चिन्ह बिघडले असते आणि पुढचे कोड आपापल्या जागी शाबूत राहिले असते. लांबी बदलती असली की आधीचा कोड वाचून झाल्याखेरीज पुढचा कुठे सुरू होतो हेच कळत नाही. शब्दांमधली मोकळी जागा काढून टाकलेल्या मजकुरात एका अक्षराची चूक झाली की पुढचे शब्दही भलत्याच जागी तुटू लागतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की वाचणाऱ्या माणसाला दोन-चार शब्दांत काहीतरी बिनसल्याचे जाणवते. फंक्शनला अर्थ कळत नाही, त्याला फक्त बिट दिसतात.

हे एका लहान उदाहरणाने दाखवतो. एच.२६४ या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या मानकात हेडरमधल्या, म्हणजे डेटाच्या सुरुवातीच्या माहितीतल्या, अनेक संख्या एक्सपोनेन्शियल गोलोम्ब कोडात लिहिल्या जातात. त्यात शून्याचा कोड १, एकाचा ०१०, दोनाचा ०११ आणि तिनाचा ००१०० असतो. सुरुवातीला जितकी शून्ये, तितकेच बिट त्यांच्यामागून येणाऱ्या १ नंतर वाचायचे, हा त्याचा नियम. ०, १, २, ३ या चार संख्या ओळीने लिहिल्या की १०१००११००१०० असे बारा बिट होतात. यातला पहिलाच बिट उलटा झाला असे समजा. आता ००१००११००१०० हे बिट तोच नियम लावून वाचले, तर ३, ०, ०, ३ अशा चार संख्या मिळतात. मूळच्याही चारच होत्या, बाराही बिट बरोबर संपले, एकही कोड नियमाबाहेरचा नाही, आणि शेवटची संख्या तर बरोबरही आली. मधल्या मध्ये सगळा अर्थ बदलला. आता पहिला बिट तसाच ठेवून दुसरा उलटा करून पाहा. १११००११००१०० यातून ०, ०, ०, ५, १ अशा पाच संख्या वाचून होतात आणि शेवटी एक एकटे शून्य उरते. तो कोड पुरा करायला लागणारे पुढचे बिट बफरमध्ये, म्हणजे डेटा ठेवलेल्या मेमरीच्या तुकड्यात, नाहीतच.

दोन्ही वेळा बिघडला तो एकेकच बिट. पहिल्या वेळी वाचणाऱ्या फंक्शनला चूक ओळखण्याचा मार्गच नव्हता. दुसऱ्या वेळी ते डेटाच्या टोकाशी जाऊन पोहोचले. याखेरीज तिसरी शक्यता अशी, की समोर आलेल्या बिटांना जुळणारी नोंद कोडांच्या टेबलातच नाही. एमपेग-२ या दुसऱ्या व्हिडिओ मानकातले डीसीटी सहगुणकांचे (चित्राच्या लहान चौकोनाचे, म्हणजे ब्लॉकचे, वर्णन करणाऱ्या संख्यांचे) नेहमीचे टेबल पाहावे. ब्लॉक संपल्याची खूण त्यात १० अशी अवघी दोन बिटांची आहे, आणि एस्केप (टेबलात नसलेल्या किमती लिहिण्याची खास सोय) वगळता सर्वांत लांब कोड धन-ऋण दाखवणारा बिट धरून १७ बिटांचे आहेत. पण कोडच्या सुरुवातीलाच लागोपाठ बारा शून्ये आली, तर त्यांना जुळणारे त्या टेबलात काहीही नाही. ही मोकळी जागा मुद्दाम सोडलेली आहे. २३ शून्ये आणि त्यामागून १ हा क्रम स्टार्ट कोडसाठी, म्हणजे डेटाचा नवा भाग सुरू झाल्याच्या खुणेसाठी, राखून ठेवलेला असून तो साध्या डेटात चुकूनही तयार होऊ नये, अशी त्या टेबलाची रचना केलेली आहे. जो कोडसंच पूर्ण भरलेला असतो, म्हणजे ज्यात बिटांच्या कोणत्याही क्रमाला काही ना काही अर्थ असतोच, त्यात फंक्शनला 'हे चुकीचे आहे' असे म्हणण्याची संधीच मिळत नाही. ज्यात मोकळी जागा असते, त्यात ती मिळते. म्हणजे चूक कळेल की नाही, हे फंक्शन लिहिणाऱ्याच्या कौशल्याआधी त्या टेबलाच्या घडणीवर अवलंबून असते, आणि म्हणूनच ते फंक्शन वापरणाऱ्याला ही माहिती कुठेतरी लेखी मिळायला हवी.

नोंद सापडली नाही तर फंक्शनने काय परत द्यावे? एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बदलत्या लांबीचे कोड टेबलातून वाचणारे जे मुख्य फंक्शन आहे, त्याच्या माथ्यावरच्या कॉमेंटमध्ये एक छोटी ओळ आहे: वाचलेला कोड परत मिळेल, आणि टेबलात काहीच जुळले नाही तर -१ मिळेल. ओळ एवढीशी, पण तिच्यामुळे ते फंक्शन कॉल करणाऱ्या, म्हणजे आपल्या कोडातून बोलावणाऱ्या, प्रत्येकाला आपण काय तपासायचे हे कळते. ती नसती तर? मिळालेले चिन्ह बहुतेक वेळा लगेच दुसऱ्या एखाद्या ॲरेचा (मेमरीतल्या यादीचा) इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, म्हणून वापरले जाते. इंडेक्स -१ झाला की वाचन ॲरेच्या सुरुवातीच्या मागे जाते आणि तिथे मेमरीत जे काही पडलेले असेल ते खरे मानून डिकोडर पुढे चालू लागतो. तेच चिन्ह ३२ बिटांच्या, फक्त धन संख्या ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये भरले, तर -१ चे ४२९४९६७२९५ होते, आणि मागाहून कोणी 'शून्यापेक्षा कमी आहे का' असे तपासले तरी ती तपासणी कधीच खरी ठरत नाही. प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने इशारा दिला तर दिला. इशारे बंद ठेवून काम करणारे प्रकल्पही पुष्कळ आहेत.

शिवाय -१ ही खूण सगळीकडे चालत नाही. वर सांगितलेल्या गोलोम्ब कोडाचा चिन्हांकित, म्हणजे ऋण संख्याही लिहिता येणारा, प्रकार घेतला, तर त्यात ०१० म्हणजे १ आणि ०११ म्हणजे -१ होतो. तिथे -१ ही अगदी साधी, रोज येणारी किंमत आहे; त्या फंक्शनने चूक दाखवायला -१ परत दिला, तर खरी किंमत कोणती आणि चूक कोणती हे ओळखताच येणार नाही. एकाच फाइलमध्ये शेजारीशेजारी असलेल्या दोन फंक्शनांची चूक दाखवण्याची खूण अशी वेगवेगळी असू शकते. नाव सारखे, उपयोग सारखा, तेव्हा वागणूकही सारखीच असणार, असे धरून चालणारा प्रोग्रामर इथे हमखास फसतो, आणि त्याचा दोष मी त्याला देणार नाही.

आता थोडी अवघड बाजू. काही चुका अशा असतात, की वाचणाऱ्या फंक्शनने त्या पकडाव्यात अशी अपेक्षाही करता येत नाही. एमपेग-२ च्या ब्लॉकमध्ये आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ सहगुणक असतात. प्रत्येक कोड 'इतकी शून्ये सोडा आणि मग ही किंमत ठेवा' असे सांगतो. बिघडलेल्या डेटात प्रत्येक कोड टेबलातला, म्हणून वैध असू शकतो, तरी सोडलेल्या जागांची बेरीज करता करता शून्यापासून मोजलेले स्थान ६३ च्या पलीकडे जाते. कोड वाचणाऱ्याच्या दृष्टीने सारे ठीक आहे. किंमत मात्र ६४ जागांच्या ॲरेच्या बाहेर लिहिली जाते. ही तपासणी कॉल करणाऱ्यानेच करायची असते. पण ती त्याची जबाबदारी आहे हे त्याला कोणी सांगितले आहे का? फंक्शनच्या वर्णनात 'परत मिळालेला कोड टेबलातला आहे एवढीच हमी' असे एक वाक्य असते, तर बाकीच्या गोष्टींची हमी नाही हे आपोआप स्पष्ट झाले असते.

याहून कमी बोलला जाणारा प्रश्न वाचनस्थानाचा आहे. कोड जुळला नाही, फंक्शनने ऋण संख्या दिली. पण पुढचे वाचन कुठून करायचे हे दाखवणारा बिटांमधला पॉइंटर पुढे सरकला की जागच्या जागी राहिला? जुळलेल्या कोडाची लांबी जितकी, तितके पुढे जायचे असते. जुळलेच नाही तर लांबी शून्य, आणि मग पॉइंटर हलत नाही, अशी रचना अगदी स्वाभाविकपणे होऊन बसते. कॉल करणाऱ्याने 'हे चिन्ह सोडून पुढचे वाचू' अशा समजुतीने तेच फंक्शन पुन्हा बोलावले, तर तेच बिट, तीच चूक, आणि न संपणारे लूप. प्रोग्रॅम कोसळत नाही, कुठेही चुकीची मेमरी वाचली जात नाही, फक्त प्रोसेसर तासन्‌तास तापत राहतो. सर्व्हरवर लोकांनी पाठवलेले व्हिडिओ डिकोड करणाऱ्या यंत्रणेत अशी एक फाइल पुरेशी होते.

डेटा संपल्यावर काय, याचे उत्तर तर आणखी विखुरलेले असते. वेगासाठी बिट वाचणारी फंक्शने एका वेळी ३२ किंवा ६४ बिट उचलतात, त्यामुळे शेवटच्या बाइटशी आल्यावर ती बफरच्या पुढचे वाचू शकतात. एफएफएमपेगने ही गोष्ट उघडपणे लिहून ठेवली आहे: इनपुट बफरच्या शेवटी ६४ बाइट जादा राखून ठेवावेत, आणि त्या जादा भागाचे पहिले २३ बिट शून्य नसतील तर बिघडलेल्या एमपेग डेटामुळे वाचन बाहेर जाऊन प्रोग्रॅम कोसळू शकतो. २३ हा आकडा वर स्टार्ट कोडच्या संदर्भात येऊन गेलाच आहे. इतकी नेमकी, कारणासकट दिलेली सूचना मला फार मोलाची वाटते, कारण ती वाचणाऱ्याला नियम तर कळतोच, पण तो कुठून आला हेही कळते, आणि मग तो नियम मोडण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये बिट वाचताना बफरच्या सीमेची तपासणी करणारी सोय सुरुवातीपासून चालू असते आणि ती हवी तर बंद करता येते. मात्र तसे केल्यास काम वेगाने होईल पण प्रोग्रॅम कोसळू शकेल, असा इशारा त्या पर्यायाच्याच ओळीत दिलेला आहे.

इथे वेगाच्या बाजूनेही न्याय्य बोलले पाहिजे. प्रत्येक कोड वाचल्यावर तीन-चार तपासण्या कराव्यात, असे माझे म्हणणे नाही. १९२० गुणिले १०८० आकाराच्या चित्रात १६ गुणिले १६ चे ८१६० मोठे चौकोन, म्हणजे मॅक्रोब्लॉक, बसतात. रंगाची माहिती कमी तपशिलाने ठेवणारी नेहमीची ४:२:० मांडणी धरली तर प्रत्येकात सहा, म्हणजे एका चित्रात ४८,९६० ब्लॉक. सेकंदाला २५ चित्रे असतील तर ही संख्या बारा लाखांच्या वर जाते, आणि त्यातल्या एकेका ब्लॉकमध्ये अनेक कोड असू शकतात. अशा लूपमध्ये एक जादा तपासणीही जाणवते. म्हणून जाणकार मंडळी प्रत्येक कोडामागे न तपासता, ब्लॉक किंवा ओळ संपल्यावर एकदाच 'आपण डेटाच्या पुढे गेलो का' हे पाहतात. ही पद्धत योग्यच आहे. पण ती केव्हा योग्य? मधल्या काळात चुकीचे वाचन झाले तरी काही अनर्थ होणार नाही, सीमेपलीकडे शून्येच मिळतील, पॉइंटर ठरावीक मर्यादेपुढे जाणार नाही, अशी लेखी हमी असेल तेव्हाच. लेखी हमी नसताना केलेली तीच बचत म्हणजे अंदाजावर टाकलेला भार होय.

मग नेमके काय लिहावे? माझ्या मते फंक्शनच्या माथ्यावर सुमारे पाच-सहा ओळी पुरतात, आणि त्या साधारण अशा असाव्यात: 'जुळणारा कोड सापडल्यास त्याचे चिन्ह परत मिळते, ते शून्य किंवा धन असते. टेबलात काहीही न जुळल्यास ऋण संख्या मिळते. ती नेमकी कोणती यावर विसंबू नये. अशा वेळी वाचनस्थान पुढे सरकलेले असेलच असे नाही, म्हणून कॉल करणाऱ्याने त्याच जागेवरून पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करू नये. डेटा संपल्यावर उरलेले बिट शून्य धरले जातात, त्यामुळे डेटा संपल्याची तपासणी स्वतंत्रपणे करावी. बफरच्या शेवटी जादा जागा राखलेली असणे आवश्यक आहे. मिळालेले चिन्ह संदर्भाला धरून आहे की नाही, हे हे फंक्शन पाहत नाही.' यात 'नेमकी कोणती यावर विसंबू नये' हे वाक्य मी विचारपूर्वक घातले आहे. आज -१ मिळतो म्हणून कोणी थेट -१ शी तुलना केली, आणि उद्या दुसऱ्या कोणी त्या फंक्शनाचा वेग वाढवताना वेगळी ऋण संख्या परत दिली, तर पहिल्याची तपासणी गुपचूप निकामी होते. 'शून्यापेक्षा कमी' असे तपासणाऱ्याचे काही बिघडत नाही. ज्या फंक्शनाची कमाल किंमत ठरलेली आहे, तिथे तीही द्यावी. एफएफएमपेगमधले गोलोम्ब कोड वाचणारे एक फंक्शन ० ते ८१९० एवढ्याच किमतींसाठी आहे आणि तसे त्याच्या माथ्यावर लिहिलेले आहे. ८१९० चा कोड २५ बिटांचा होतो, आणि बाइटच्या मधल्या कोणत्याही बिटापासून सुरुवात केली तरी एका ३२ बिटी वाचनात २५ बिट खात्रीने हाती लागतात. मर्यादा कुठून आली ते हिशेबावरून लगेच ध्यानात येते.

'प्रोग्रॅमचा कोड वाचला की सगळे कळते, कॉमेंट कशाला' हा आक्षेप मी कामाच्या ठिकाणी वारंवार ऐकतो, आणि कॉमेंट जुन्या होऊन खोट्या ठरतात हे त्याला जोडून सांगितले जाते. कॉमेंट जुनी होते हे खरे आहे. पण कोड वाचून आज काय घडते तेवढेच कळते. लिहिणाऱ्याने कशाचे वचन दिले आहे आणि काय केवळ योगायोगाने तसे घडते आहे, हे कोडातून कळत नाही. शिवाय टेबल दोन-तीन पातळ्यांचे असते, वाचण्याचा भाग मॅक्रोंमध्ये (कोडाच्या आखूड नावांमध्ये) गुंडाळलेला असतो, आणि काही प्रोसेसरांसाठी तोच भाग असेंब्लीत, म्हणजे त्या प्रोसेसरच्या थेट सूचनांत, पुन्हा लिहिलेला असतो. यातला कोणता कोड वाचायचा? सगळे वाचले आणि त्यांची चुकीच्या वेळची वागणूक एकमेकांशी जुळली नाही, तर बरोबर कोणते मानायचे? लेखी वर्णन असेल तर वेगळे वागणारा कोड हा बग ठरतो. नसेल तर त्यावर नुसती चर्चा होत राहते.

फझिंग आहे ना, असेही विचारले जाते. मुद्दाम बिघडवलेल्या फाइली लाखोंनी चालवून पाहण्याची ही पद्धत उत्तम आहे. २०१६ पासून ओएसएस-फझ या उपक्रमातून मुक्त सॉफ्टवेअरची अशी तपासणी सातत्याने होते आणि तिने डिकोडरांमधले कितीतरी दोष उजेडात आणले आहेत. पण प्रोग्रॅम कोसळला, लटकला किंवा मेमरी चुकीची वाचली, तरच फझिंगला दोष दिसतो. वर दिलेले ३, ०, ०, ३ तिला दिसत नाही. आणि दोष सापडल्यावरही तो कुठे दुरुस्त करायचा, वाचणाऱ्या फंक्शनात की कॉल करणाऱ्याकडे, हे जबाबदारी कोणाची ठरली आहे त्यावर अवलंबून असते. ती कुठेच लिहिलेली नसेल तर जिथे प्रोग्रॅम कोसळला तिथे एक तपासणी चिकटवली जाते आणि तोच दोष शेजारच्या दहा कॉलमध्ये तसाच राहतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीतला एक दोष उघड झाला आणि क्रोम, फायरफॉक्स यांसारख्या ब्राउझरांना तातडीने नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. ते व्हिडिओचे नव्हे, चित्रांचे सॉफ्टवेअर. पण दोष हफमन टेबलाच्या बांधणीतच होता. टेबलासाठी किती जागा लागेल याचा आकडा आधीच काढून ठेवलेला होता आणि तो नियमात बसणाऱ्या कोडांपुरता बरोबर होता. मुद्दाम चुकीच्या लांब्या दिलेली फाइल आली, की त्या जागेबाहेर लिहिले जात होते. टेबल बांधताना लांब्या नियमात आहेत की नाहीत हे कोणी आणि केव्हा पाहायचे, हा प्रश्न तिथे कळीचा होता, आणि फाइलमधल्या लांब्यांवरून टेबल बांधणाऱ्या व्हिडिओ डिकोडरांनाही तो तितकाच लागू आहे.

मानकांकडे बोट दाखवून यातून सुटता येणार नाही. नियमाप्रमाणे तयार झालेला डेटा कसा वाचावा, हे एच.२६४ सारखी मानके काटेकोरपणे सांगतात. काही किमती निषिद्ध आणि काही पुढच्या वापरासाठी राखीव, अशी नोंदही एमपेगच्या मानकांत असते. बिघडलेल्या डेटाचे काय करायचे, चित्राचा तो भाग झाकायचा की पुढच्या स्लाइसपर्यंत (चित्राच्या स्वतंत्रपणे वाचता येणाऱ्या पुढच्या भागापर्यंत) सोडून द्यायचा, हे मात्र बऱ्याच अंशी डिकोडर लिहिणाऱ्यावर सोपवलेले आहे. जिथे मानक थांबते तिथे त्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे दस्तऐवज सुरू व्हायला हवेत, आणि तिथेच ते बहुतेकदा कोरे असतात.

आपल्या पुरवणीचे वाचक असलेल्या संगणकशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की हफमन कोड शिकवताना विद्यार्थ्यांकडून केवळ एन्कोडर आणि डिकोडर लिहून घेऊ नयेत. एक बिट उलटा केलेली आणि एक मध्येच तोडलेली अशा दोन फाइली देऊन, त्यांवर आपले फंक्शन काय परत देईल हे चालवण्याआधी लिहून काढायला सांगावे. जे आधीपासून असे सॉफ्टवेअर सांभाळतात त्यांनी सगळे एकदम हाती घेण्याची गरज नाही. कोड वाचणाऱ्या फंक्शनचे परत आलेले उत्तर जिथे जिथे फक्त धन संख्या ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये जाते, किंवा न तपासता ॲरेचा इंडेक्स होते, त्या जागा आधी शोधाव्यात, आणि तिथली दुरुस्ती करताना त्याच बदलात फंक्शनच्या माथ्यावरची ओळही लिहावी, म्हणजे दुरुस्ती कशासाठी झाली हे पुढे येणाऱ्याला त्या जागीच वाचायला मिळेल.

आपला विश्वासू,
एक वाचक